तिसरा पिचर राहतो कुठे?

तळ्यावरची झोपडी हे घर नव्हे, असं नियमात कुठेही लिहिलेलं नव्हतं. हे मी पहिल्यांदाच सांगून ठेवते, कारण पंचक्रोशीत माझ्याबद्दल जे काही बोललं जातं त्यात हा मुद्दा लोक सोयीस्करपणे गाळतात. मी सहावीपर्यंत शिकले. सातवीला गाई आडव्या आल्या. पण छापील कागद मी ओळीवर बोट ठेवून वाचते, आणि बेसबॉल मंडळाचं ते सोळा पानी नियमांचं पुस्तक मी दोनदा वाचलंय. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी एकदा तरी वाचलं असेल का, याची मला शंका आहे.

आमचं ब्रुंडाल चारशे माणसांचं गाव. एक चर्च, एक धान्याचं कोठार आणि एक मैदान. संघाचं नाव बगळे. अडतीस वर्षं त्या संघाचा कारभारी आमचा एल्डन, आणि अडतीस वर्षं त्या संघाचे सदरे धुणारी मी. म्हणजे संघाचा जो भाग लोकांना दिसतो तो माझ्याकडे होता.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे पिचर एकच उरला होता. ड्युएन, वय त्रेचाळीस. बेसबॉलमध्ये बाकीच्यांचं कसंही भागतं. आमचा उजव्या कोपऱ्यातला गडी तर अर्धा सामना ढगांकडे बघत उभा असतो. पिचरचं तसं नाही. प्रत्येक चेंडू त्यानेच टाकायचा, सामना सगळा त्याच्या एका खांद्यावर; आणि खांदा म्हणजे काही दुभती गाय नव्हे, सकाळी पिळली, संध्याकाळी पुन्हा पिळली. ऑगस्टात पाचव्या डावात ड्युएनचा खांदा बसला. एल्डनने नाइलाजाने त्या ढगवाल्याच्या हातात चेंडू दिला. एकोणीस धावा गेल्या. पुढचे दोन सामने चेंडू टाकायला माणूसच नाही म्हणून सोडून द्यावे लागले. नोव्हेंबरात मंडळाचं पत्र आलं: एकतीस मार्चपर्यंत तीन पिचर सह्यांनिशी दाखवा, नाहीतर बगळ्यांची जागा टॉर्विक गावाला जाईल.

पत्र आलं तेव्हा एल्डन खुर्चीत होता. ऑक्टोबरात धावफलकाचे आकडे उतरवताना तो शिडीवरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं, आता चाला. एल्डन चालेना. जेवायचा, झोपायचा, ‘हं’ म्हणायचा. मी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, तर म्हणाला, “संपलं, ऑर्डिस. देऊन टाक टॉर्विकला.”

अडतीस वर्षांत टॉर्विकला त्याने कधी पाणीसुद्धा दिलं नव्हतं. नवरा असं बोलायला लागला की बायकोने दोनच गोष्टी कराव्यात. एक तर डॉक्टर बदलावा, नाहीतर संघ उभा करावा. आमच्या काउंटीत डॉक्टर एकच होता.

मी पिचर शोधतेय ही बातमी मला स्वतःला नीट पटायच्या आत गावभर झाली. शेजारची वेर्ना केक घेऊन आली. वेर्ना केक आणते तेव्हा सोबत सल्ला असतो, आणि दोन्ही कोरडे असतात.

“अगं ऑर्डिस, हे काय बायकांचं काम आहे?”

“पुरुषांनी करून झालंय. एकोणीस धावा गेल्या.”

“मी तुझ्या भल्याचं सांगते. उंच माणूस घे. उंच माणसाचा चेंडू वरून येतो.”

“तुझा नॉर्बर्ट उंच आहे. त्याच्याकडून वरून काय येतं?”

“नॉर्बर्टला घोडे आहेत,” वेर्ना म्हणाली. नॉर्बर्टला काहीही सांगितलं की हेच उत्तर असतं. त्याच्याकडे बेल्जियन जातीचे दोन घोडे आहेत, एकेक आमच्या स्वयंपाकघराएवढा. जत्रेत मिरवण्यापलीकडे त्यांना काम नाही, आणि ते दोघे मिरवत नसतात तेव्हा वेर्ना मिरवते.

हॉटेलात कॉफी प्यायला गेले तर तिथे तर परिषदच भरली होती. न्हावी म्हणाला, डावखुरा घ्या. कोठारवाला म्हणाला, लग्न झालेला घ्या, तो घराबाहेर राहायला तयार असतो. म्हातारा सेल्मर म्हणाला, “आमच्या वेळी एकच पिचर सतरा डाव टाकायचा, बाई, आणि मग घरी जाऊन शेण काढायचा.”

“तो आता कुठे असतो?”

“असतो इथेच. हात वर होत नाही त्याचा,” सेल्मर म्हणाला. “पण तक्रार नाही हो.”

या लोकांकडे भरपूर मतं होती, पण एकाकडेही खांदा नव्हता. तेव्हा मी माझ्या डोक्याने चालायचं ठरवलं. चर्चच्या जेवणावळीला कुणी काय आणायचं याची यादी मी बत्तीस वर्षं करतेय. सगळ्यांनीच बटाटे आणले तर ती जेवणावळ नव्हे. एक पोटभरीचा पदार्थ लागतो, एक जीभ चाळवणारा, आणि एक अगदी शेवटी, लोक कोट चढवायला लागले की पुन्हा खाली बसवणारा. पिचरचंही तेच. ड्युएन म्हणजे बटाटे. त्याला तीन डाव वाढायचं, चार नाही. बाकीचे दोन पदार्थ मला हुडकायचे होते.

पहिला चर्चच्या दारातच सापडला. आमचे नवे पाद्री लिंडीन, वय एकोणतीस, अंगाने मेणबत्ती. डिसेंबरातल्या एका रविवारी मी लवकर गेले तर पाद्रीबुवा अंगणात एकटे होते. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, बर्फाचा गोळा वळला आणि घंटेच्या मनोऱ्यावर बसलेल्या कावळ्याला असा हाणला की कावळ्याने धर्म बदलला असावा. पुन्हा दिसला नाही.

“पाद्रीबुवा, हात कुठला?”

ते दचकले. “देवाने दिलेला, मिसेस हॉगनेस.”

“ते कळलं. डावा की उजवा?”

“डावा,” ते म्हणाले, आणि कबुलीजबाब दिल्यासारखे लाल झाले. कॉलेजात असताना दोन वर्षं ते चेंडू टाकायचे, हेही मग निघालं. इतक्या महिन्यांत हे कुणाला ठाऊक नव्हतं. प्रवचनात ते फक्त मेंढरांबद्दल बोलायचे.

बाहेर उणे वीस, तेव्हा परीक्षा चर्चच्या तळघरात ठेवली. मी टेबलं बाजूला सारली, ड्युएन भिंतीपाशी चेंडू झेलायचा जुना चामडी पंजा घालून उकिडवा बसला. पाद्रीबुवांनी पहिला चेंडू सरळ टाकला. दुसराही सरळ टाकला. मग म्हणाले, “आता जरा वळवतो.” वळवायची कला त्यांच्यात होतीच. नोहापासून सुरुवात करून नव्या छपराच्या वर्गणीवर ते कसे येतात ते मी दर महिन्याला बघते. चेंडू वळला. ड्युएनला वळसा घालून तो थेट शंभर कपांच्या कॉफीच्या भांड्यावर गेला. झाकण एकीकडे, तोटी दुसरीकडे, आणि मधलं भांडं गुडघ्यावर आलेल्या माणसासारखं वाकडं. ते भांडं वेर्नाने तिच्या सासूच्या स्मरणार्थ दिलं होतं. सासूचं नाव कोरलेली पट्टी तेवढी शाबूत राहिली. सासूही तशीच होती.

“चेंडू चांगला होता,” ड्युएन म्हणाला.

वेर्नाने माझ्याशी बोलणं टाकलं. पहिले दोन दिवस मला त्याचा आरामच वाटला.

दुसरा पदार्थ दारात चालत आला. गॅसची टाकी घेऊन येणारा रॉडनी लुंडब्लाड, वय सव्वीस. भरलेली टाकी एका हाताने उचलून, दुसऱ्या हाताने टोपी किंचित उचलून ‘गुड मॉर्निंग’ म्हणणारा. मी त्याला गोठ्यात नेलं, हातात चेंडू दिला आणि गवताच्या गंजीवर टाक म्हटलं. गंजी खोलीएवढी होती. त्याने ती चुकवली. चेंडू शेजारच्या फळीत घुसला आणि फळी उभी चिरली. त्याचा वेग असा की चेंडू दिसत नाही, आणि नेम असा की न दिसलेलाच बरा. पण नेम शिकवता येतो. वेग बाजारात मिळत नाही.

“मिसेस हॉगनेस, मी आजवर संघात कधी खेळलो नाही,” तो म्हणाला. “फक्त खारींना मारायचो.”

“लागायच्या का?”

“घाबरायच्या.”

“मग झालं तर.”

मी घरी येऊन एल्डनला सांगितलं. एक डावखुरा पाद्री, एक फळी फोडणारा, आणि ड्युएन. तो ‘हं’ म्हणाला. पण हा ‘हं’ रोजच्यापेक्षा किंचित लांब होता. संसाराची सेहेचाळीस वर्षं झाल्यावर बाईला ‘हं’ची लांबी मोजता येते.

मग अर्ज. मंडळाचा चिटणीस क्लीटस हा बियाण्यांचा व्यापारी, नियमांच्या बाबतीत देवमाणूस, म्हणजे दिसत नाही आणि ऐकतही नाही. पहिला अर्ज परत आला, कारण मी पेन्सिलीने भरला होता. दुसरा परत आला, कारण ‘कारभारी’ या रकान्यात मी माझी सही केली होती आणि त्यांच्या वहीत कारभारी पुरुष होता. मी एल्डनच्या हातात पेन देऊन सही घेतली. त्याने ती अशी केली की जणू मी त्याचं शेत विकतेय. तिसरा अर्ज परत आला तो रॉडनीपायी. खेळाडू मैदानापासून सरळ रेषेत बारा मैलांच्या आत राहणारा पाहिजे. रॉडनी आईकडे राहत होता, चौदा मैलांवर.

“तो आमच्याकडे राहायला येईल,” मी फोनवर म्हटलं.

“कारभाऱ्याच्या घरी खेळाडू ठेवता येत नाही, मिसेस हॉगनेस. नियम अकरा. पूर्वी लोक बाहेरून पिचर आणून माळ्यावर लपवायचे.”

“आमच्या माळ्यावर कांदे आहेत.”

“नियमात कांद्यांचा उल्लेख नाही,” क्लीटस म्हणाला. तो विनोद करत नव्हता. त्याला येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी रॉडनीला टेबलापाशी बसवलं आणि पुढ्यात डुकराच्या मांसाची थाळी ठेवली. माणूस खात असताना खरं बोलतो.

“तू रात्रीचा जेवतोस कुठे?”

“झोपडीत.”

आमच्याकडे हिवाळ्यात लांबड्या तळ्यावर हात दीड हात बर्फ धरतो, आणि गावातले अर्धे पुरुष मासे धरायला त्यावर लाकडी खोपटी ओढून नेतात. खाली बर्फाला भोक, भोकात गळ, कोपऱ्यात शेगडी, आणि बायको चार मैल लांब. रॉडनीच्या झोपडीत खाट होती, पडदे होते, स्वतःचा टपालाचा डबासुद्धा गंमत म्हणून ठोकलेला होता.

“आणि झोपतोस कुठे?”

“बुधवार ते सोमवार झोपडीत. मंगळवारी आई कपडे धुते म्हणून घरी.”

“म्हणजे राहतोस झोपडीत. आईकडे राहतात ते तुझे कपडे.”

रॉडनीने चमचा थांबवला. त्याच्या आयुष्याकडे कुणी असं नीट पाहिलं नव्हतं.

झोपडी तळ्याच्या दक्षिण टोकाला, मैदानापासून चार मैल. मी शाईने लिहिलं: ‘लांबडं तळं, दक्षिण टोक, किनाऱ्यापासून तिसरी झोपडी, हिरवं दार.’ पुरावा म्हणून त्याच पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकलं. पोस्टमन ऑर्विलने ते बर्फावरून गाडी घालून बरोबर पोचवलं, कारण चौथी झोपडी त्याचीच होती. शिक्का मारलेलं कार्ड अर्जाला जोडलं, आणि जानेवारीच्या शेवटी मंडळाची पोच आली. मंजूर. मी ती बायबलमध्ये ठेवली, जिथे हरवायची भीती नाही, कारण एल्डन तिथे बघत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, बर्फ वितळतो. मला काय ठाऊक नाही? मी त्या तळ्याच्या काठी जन्मले. पण जानेवारीत, उणे तीस असताना, गाडीची चाकं गोठून चौकोनी झालेली असताना, मार्च नावाचा महिना खरोखर येणार आहे असं आमच्याकडे कुणालाच वाटत नाही. हा माझ्या एकटीचा गुन्हा नव्हे. अख्खं राज्य दर जानेवारीत तो करतं.

मार्च आला. पंधरा तारखेला सगळ्या झोपड्या तळ्यावरून काढायच्या, हा सरकारी कायदा. दक्षिणेला ओढा मिळतो, तिथला बर्फ आधीच भुसभुशीत. रॉडनीने शहाणपणा करून झोपडी गाडीला बांधली आणि जिथे बर्फ घट्ट होता त्या उत्तर टोकाला ओढून काठावर काढली. मला फोन केला, “घर वाचलं, मिसेस हॉगनेस!” मी नकाशावर पट्टी ठेवली. उत्तर टोक साडेबारा मैल.

“आता गावाकडे ओढून आण.”

“नाही आणता येत. वाटेवर पाटी लागलीय.”

तीही दर वर्षीची. बर्फ वितळताना रस्ते मऊ होतात, म्हणून सहा आठवडे जड गाड्या आणि ट्रॅक्टर बंद. मी रस्त्यांच्या साहेबाकडे गेले. तो म्हणाला, मेमध्ये या. मी म्हटलं, मेमध्ये मी कशाला येऊ, मेमध्ये तर रस्ता तुमच्याशिवायही सुकेल.

त्यात टॉर्विकच्या कारभाऱ्याने तक्रार केली. क्लीटसचा फोन आला. “मिसेस हॉगनेस, तळ्यावर आता पाणी आहे. तुमचा तिसरा पिचर राहतो कुठे?”

“त्याच्या घरात.”

“घर कुठे आहे?”

“किनाऱ्यावर. तुमच्या नियमात घराने एका जागी बसावं असं लिहिलंय का?”

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ आला. “नाही,” तो शेवटी म्हणाला, जरा दुखावल्यासारखा. “पण घर तेच पाहिजे, आणि एकतीस तारखेला बारा मैलांच्या आत पाहिजे. मी स्वतः येऊन मोजेन. दोन वाजता मला दुसऱ्या गावी पोचायचंय, तेव्हा त्याआधी.”

फोन ठेवला तर एल्डन माझ्याकडे बघत होता. “राहू दे, ऑर्डिस,” तो म्हणाला. “तू पुष्कळ केलंस.” इतक्या मायेने म्हणाला की मी फोन पुन्हा उचलला. सेहेचाळीस वर्षांत त्याने माझ्या कामाला पुष्कळ म्हटलं नव्हतं. माणूस आवराआवर करायला लागला की असं बोलतो.

काउंटीभर शोधलं तरी त्या रस्त्यावरून ओझं ओढू शकेल आणि पाटी ज्याला लागू नाही असं एकच वाहन होतं. त्याला आठ पाय होते, आणि ते वेर्नाच्या तबेल्यात उभं होतं.

मी चांगला कोट घातला. वेर्नाने दार उघडलं, पण पूर्ण नाही.

“ऑर्डिस. मला वाटलंच होतं तू येशील. फक्त त्याला तीन महिने लागतील असं नव्हतं वाटलं.”

“भांड्याचं वाईट झालं, वेर्ना.”

“भांड्याचं?”

“तुझ्या सासूच्या भांड्याचं.”

“आणि?”

“आणि उंच माणसाचा चेंडू वरून येतो. रॉडनी उंच आहे. तू म्हणाली होतीस.”

तिने दार आणखी वीतभर उघडलं. मग माझी नजर चुकवून विचारलं, “एल्डन कसा आहे?”

खोटं सांगायला मी तोंड उघडलं, पण बाहेर वेगळंच आलं. “तो नांदत नाहीये, गं. घरात आहे, पण नांदत नाहीये.”

वेर्नाने सल्ला दिला नाही. हेही लिहून ठेवण्यासारखं आहे. मग म्हणाली, “घोडे मिळतील. पण या उन्हाळ्यात मैदानावरच्या खाऊच्या खिडकीत ॲपल पाय माझी विकायची. तुझी नाही.”

एकोणतीस वर्षं त्या खिडकीत माझी ॲपल पाय विकली जाते. वेर्नाच्या पायचा तळ ओला राहतो हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. लोक ती चमच्याने खातात. मी डोळे मिटले आणि हो म्हटलं.

एकतीस तारखेला सकाळी आठला नॉर्बर्ट, रॉडनी आणि चार माणसांनी झोपडी गवताच्या गाडीवर चढवली आणि घोडे जुंपले. वळणावळणाने रस्ता सोळा मैलांचा. अकराला क्लीटस माझ्या दारात, काखेत नकाशाची गुंडाळी, खिशात कंपास. गाडीचा पत्ता नव्हता.

मी त्याला बसवलं. कॉफी दिली. मग बटाट्याची पोळी लोणी-साखर लावून दिली. मग मांसाची भट्टीतली खीमाभाजी, मग बीटाचं लोणचं, मग पुन्हा कॉफी. आमच्या दारासमोरचं मैदान गावाच्या मालकीचं, तिथे झोपडी ठेवायची तर गावाची परवानगी लागते. म्हणून गावचं पंचमंडळ मी आधीच बोलावून ठेवलं होतं, तेही त्याच टेबलाशी खात होतं. ठराव मुरंब्याच्या वेळी एकमताने पास झाला. सेल्मरने क्लीटसला सतरा डावांची गोष्ट सांगितली. पाद्रीबुवांनी दोनदा आशीर्वाद म्हटला, दुसरा जरा लांबवून. ड्युएनने खांद्यात काय होतं ते सदरा काढून दाखवलं. एल्डन ताटात काटा फिरवत बसला होता.

साडेबारा झाले. एक झाला. क्लीटसने रुमालाने तोंड पुसलं. “मिसेस हॉगनेस, जेवण उत्तम. पण मला घर दिसत नाही.”

“येतंय.”

“मी चाळीस वर्षं घरांकडे जातो. घर माझ्याकडे येताना पाहिलं नाही.”

“थोडा मुरंबा घ्या.”

सव्वाला घुंगरं ऐकू आली. नॉर्बर्टने जत्रेचा साज चढवला होता. तो नसेल तर त्याचे घोडे निघतच नाहीत म्हणे. आम्ही सगळे खिडकीला चिकटलो. वळणावरून पांढऱ्या आयाळींचे दोन डोंगर, मागे गाडी, गाडीवर हिरव्या दाराची झोपडी, धुराड्यातून धूर, आणि दारात उंबरठ्यावर पाय सोडून बसलेला रॉडनी, हातात अंडी परतायचा तवा. येताना भूक लागली म्हणे.

“हे निवासस्थान?” क्लीटस म्हणाला.

“चूल पेटलेली आहे,” मी म्हटलं. “आणखी काय हवं?”

आणि तेवढ्यात नॉर्बर्टने ते केलं. झोपडी डावीकडच्या कुंपणापाशी उतरवायची होती. रस्त्याने वळसा घातला तर लांब पडतं, म्हणून त्याने फाटकातून घोडे सरळ आत वळवले. आत म्हणजे मैदानात. नुकतंच वितळलेलं, लोण्यासारखं मऊ मैदान, ज्याच्या मधल्या मातीवर एल्डन अडतीस वर्षं स्वतःच्या हाताने दंताळं फिरवत आला होता.

“नॉर्बर्ट!”

ताटं हादरली. मला वाटलं छप्पर खाली आलं. पाच महिने त्या घशातून असा आवाज निघाला नव्हता.

“मैदानात घोडे नको घालू, गाढवा! बाहेरून! बाहेरून घे!”

खिडकी बंद होती, तेव्हा नॉर्बर्टला काही ऐकू गेलं नाही. एल्डनने खुर्ची मागे सारली. एका हाताने टेबल धरलं, दुसऱ्याने डॉक्टरांनी दिलेला वॉकर ओढला, आणि निघाला. सपाता, विजार, गळ्यात रुमाल. मी धरायला गेले तर म्हणाला, “बाजूला हो, ऑर्डिस, तो पिचरच्या उंचवट्याकडे चाललाय.” दार उघडलं, पायरी उतरला, रस्ता ओलांडला. मागून आम्ही सगळे: पंचमंडळ, पाद्री, ड्युएन, आणि नकाशा घेतलेला क्लीटस. फाटकात उभं राहून एल्डनने वॉकर वर उचलला आणि घोड्यांसमोर असा हलवला की ते दोन डोंगर खरोखर मागे सरले.

नॉर्बर्ट म्हणाला, “अरे एल्डन! चालतोस की!”

“तू हाकतोस कसा ते बघ आधी,” एल्डन म्हणाला.

झोपडी बाहेरून नेऊन कुंपणापाशी उतरवली. क्लीटसने नकाशा गवतावर पसरला, कंपास लावला, वाकून बघितलं. “मैदानापासून अंतर,” त्याने पुटपुटत लिहिलं, “शून्य.” मग पेन थांबलं. “पण तो पिचर आहे हे मला कोण सांगणार?”

“तेच मला बघायचंय,” एल्डन म्हणाला. “याच्या बाबतीत मी फक्त हिचं ऐकलंय.”

पंजा घालायला ड्युएन तयार होता, पण त्या दिवशी त्याला गुडघ्यांमुळे उकिडवं बसवेना. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तेव्हा क्लीटसने टोपी काढून नीट खाली ठेवली. “तरुणपणी मी झेलायचो,” तो म्हणाला, आणि गुडघ्यांतून बंदुकीसारखे दोन आवाज काढत खाली बसला.

रॉडनीने पहिला चेंडू कुंपणापलीकडे टाकला. दुसरा घोड्यांच्या दिशेने. वेर्ना कुठून तरी ओरडली. ती वेशीपासून गाडीमागून चालत आली होती, हातात झाकलेली ॲपल पाय. एल्डन वॉकर टेकत त्याच्यापाशी गेला, त्याच्या कोपराला दोन बोटं लावली, डावा पाय वीतभर पुढे घ्यायला लावला, काहीतरी म्हणाला. खारींबद्दल असावं, कारण रॉडनी हसला. तिसरा चेंडू मला दिसला नाही. फक्त पंजात ‘थाड’ झालं आणि क्लीटस मागे पार्श्वभागावर बसला.

बसल्या बसल्या त्याने पंजा काढला. हात मुळ्यासारखा पांढरा होता, आणि बघता बघता बीटासारखा झाला. “पिचर आहे,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या हाताने सही केली. दोन वाजता त्याला जिथे पोचायचं होतं तिथे तो पोचला नाही. बर्फाच्या बादलीत हात घालून वेर्नाची पाय खात बसला. चमच्याने.

मी यादी एल्डनपुढे धरली. पाच महिन्यांची मेहनत, स्वच्छ शाईने: आधी ड्युएन तीन डाव, मग पाद्री, शेवटी रॉडनी.

त्याने ती वाचली. मग माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि सबंध यादीवर आडवी रेघ मारली.

“पाद्र्याला मध्ये कोण घालतं, ऑर्डिस? आधी हा पोरगा, लोक घाबरलेले असताना. मग ड्युएन, त्यांना झोप यावी म्हणून. आणि डावा हात शेवटी.”

“जेवणात गोड शेवटी असतं.”

“हे जेवण नाही.”

“अडतीस वर्षं सदरे मी धुतलेत. मला सांगू नकोस.”

“मग चौथा पिचरही तूच शोध. तीनवर जुलै निघत नाही,” तो म्हणाला, आणि मला तिथेच ठेवून दंताळं आणायला वॉकर टेकत अवजारांच्या खोलीकडे निघाला.

माझा एवढा अपमान त्या मैदानावर कधी झाला नव्हता, तोही वेर्नादेखत. मी त्याच्या मागोमाग भांडत गेले. हळूहळू, कारण त्याला अजून भरभर चालता येत नव्हतं.